रोपांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा : निवासी बागांच्या रचनाकारांना खुले पत्र

प्रति,
घरांच्या आणि निवासी वसाहतींच्या बागांचे आराखडे करणारे लँडस्केप आर्किटेक्ट व उद्यानरचनाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येक आराखड्याला रोपांचा एक तक्ता जोडलेला असतो. त्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रचलित नाव, संख्या, लावतानाची उंची, पिशवीचा आकार, दोन रोपांमधले अंतर आणि क्वचित फुलांचा रंग व हंगाम असे रकाने असतात. पायवाटांची वळणे, बसण्याच्या जागा, फरशीचा पोत यांवर बैठकांमधून तासन्‌तास चर्चा होते. हा तक्ता मात्र बहुधा शेवटी, रोपवाटिकेत काय मिळते ते विचारून भरला जातो आणि ग्राहक तो वाचतही नाही. पुढची कित्येक वर्षे ती बाग कोणाला आसरा देणार आणि कोणाच्या दृष्टीने नुसती शोभा ठरणार, याचा निर्णय खरे तर याच तक्त्यात झालेला असतो. म्हणून माझी मुख्य विनंती लहान आहे. या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा आणि त्या वनस्पतीवर कोण जगते ते त्यात लिहावे : कोणत्या फुलपाखरांचे वा पतंगांचे सुरवंट तिची पाने खातात, कोणत्या मधमाश्या तिचे पराग नेतात, कोणते पक्षी तिची फळे खातात. ज्या ओळीत हा रकाना रिकामा राहील ती ओळ तिथे का आहे, याचे उत्तर तुमच्यापाशी असावे.

मी उद्यानरचनेचे शिक्षण घेतलेले नाही. तुम्ही आराखडा सुपूर्द करून, कंत्राटदार रोपे लावून आणि छायाचित्रकार छायाचित्रे काढून गेल्यावर बाग ज्यांच्या हाती येते, त्यांच्यापैकी मी एक आहे. पुढे कुठे तक्रारीचा सूर उमटलाच, तर तो त्या बाजूने आलेला आहे असे समजावे.

या रकान्याचा आग्रह का, ते एका अभ्यासाच्या आधारे सांगतो. वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरातील घरांच्या अंगणांत कॅरोलायना चिकडी या इवल्याशा पक्ष्याच्या विणीचा माग घेतला गेला. डेझिरे नॅरँगो, डग टॅलमी आणि पीटर मारा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की अंगणातल्या वनस्पतींच्या एकूण जैवभारात स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल, तर तिथे या पक्ष्याची संख्या टिकून राहू शकत नाही. हिवाळ्यात हा पक्षी बियाही खातो, पण पिलांना तो प्रामुख्याने सुरवंट भरवतो, आणि एका घरट्यातली पिले उडून जाईपर्यंत त्यांना साधारण सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. पाणपक्षी सोडले, तर बहुतेक पक्ष्यांची गोष्ट अशीच आहे : प्रौढ पक्षी दाणे खात असले, तरी पिले कीटकांवर वाढतात. त्यामुळे दाण्याची भांडी टांगून हा प्रश्न सुटत नाही.

सुरवंट विदेशी झाडांवर कमी का असतात, याचे कारण वनस्पतींच्या रसायनांत आहे. पाने खाल्ली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक वनस्पती कडू, चिकट किंवा विषारी द्रव्ये तयार करते, आणि ती पचवण्याची क्षमता विशिष्ट कीटकांनी त्या वनस्पतीच्या सहवासात फार दीर्घ काळात मिळवलेली असते. पाने खाणाऱ्या कीटकांपैकी बहुसंख्य अशा मोजक्याच वनस्पतींना बांधलेले असतात. दुसऱ्या खंडातून आलेले झाड कितीही डेरेदार असले, तरी इथल्या बहुतेक सुरवंटांच्या लेखी ते अन्न नसते. अशा झाडाची पाने वर्षभर एकही छिद्र न पडता चकचकीत राहतात आणि रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात नेमका हाच गुण 'कीडमुक्त' म्हणून छापलेला असतो. ग्राहकालाही तो आवडतो, हे मी नाकारत नाही.

७० टक्क्यांचा हा आकडा एका पक्ष्याचा आणि एका प्रदेशाचा आहे. तो उचलून कुठल्याही बागेला लावावा असे मी म्हणणार नाही. मात्र स्थानिक वनस्पती हा बागेचा गाभा असावा, कोपऱ्यात राखून ठेवलेला नमुना असू नये, इतके त्यावरून नक्की म्हणता येते. शिवाय त्यात तुमच्यासाठी सवलतही आहे, कारण उरलेल्या वाट्यात जुन्या आठवणीचे एखादे विदेशी फुलझाड, स्वयंपाकाला लागणारी रोपे, नुसत्या सुगंधासाठी लावलेला वेल हे सगळे सुखाने बसते.

आता फुलांविषयी. बागेत फुलपाखरे यावीत अशी मागणी झाली, की आराखड्यात मधुरसाची फुले येतात आणि तेवढ्यावर काम झाले असे समजले जाते. चीनमधून युरोप-अमेरिकेत गेलेल्या बडलिया या झुडपावर फुलपाखरांची एवढी गर्दी होते, की त्याचे प्रचलित नावही फुलपाखरांवरूनच पडले. पण तिथल्या स्थानिक फुलपाखरांपैकी जवळजवळ कोणाचेच सुरवंट त्याच्या पानांवर वाढत नाहीत. खानावळ आहे, पाळणाघर नाही. त्यातच हे झुडूप बी उधळत नदीकाठांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेने पसरते, आणि मग तिथून ते काढण्यासाठी स्वतंत्र मोहिमा आखाव्या लागतात. याउलट आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतली रुई घ्या. शोभेच्या दृष्टीने तिला कोणी विचारत नाही, पण तिची विषारी चिकाची पाने खाऊन प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट वाढतात आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून बचाव करतात. उत्तर अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरूही रुईच्याच नात्यातल्या मिल्कवीडवर असेच अवलंबून असते.

मोनार्कच्या बाबतीत पुढे जे झाले ते तुमच्या तक्त्यासाठी विशेष बोलके आहे. लोकांनी हौसेने मिल्कवीड लावायला सुरुवात केली, तेव्हा सहज मिळणारी आणि दिसायला देखणी म्हणून उष्ण कटिबंधातली एक वेगळीच जाती अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरली. स्थानिक मिल्कवीड हिवाळ्यात वाळून जाते, ही मात्र उबदार भागात वर्षभर हिरवी राहते. त्यामुळे तिच्या पानांवर मोनार्कला जडणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत गेले आणि काही फुलपाखरे स्थलांतर सोडून तिथेच रेंगाळू लागली. प्रजाती (जीनस) बरोबर, जाती (स्पीशीज) चुकलेली, आणि हेतू चांगला असूनही परिणाम उलटा. 'स्थानिक मिल्कवीड' एवढे मोघम लिहून भागत नाही. शास्त्रीय नाव जातीपर्यंत लिहावे लागते आणि रोपे उतरवून घेताना ते ताडूनही पाहावे लागते.

सगळ्या स्थानिक वनस्पतींचे मोल सारखे नसते, हेही या रकान्यामुळे उघड होईल. अमेरिकेतल्याच २०२० च्या एका विश्लेषणात असे आढळले, की स्थानिक वनस्पतींच्या अवघ्या १४ टक्के प्रजाती फुलपाखरे-पतंगांच्या ९० टक्के जातींना आधार देतात, आणि त्यांत ओक, वाळुंज, बर्च अशी झाडे आघाडीवर आहेत. प्रत्येक प्रदेशात अशी थोडीच झाडे बहुतेकांचा भार वाहत असावीत असे मानायला जागा आहे. ती कोणती, हे तिथल्या कीटक-अभ्यासकांना विचारून शोधायला हवे. जागा लहान असेल आणि एकच मोठे झाड लावता येणार असेल, तर ते या मोजक्यांपैकी असावे. पन्नास प्रकारच्या स्थानिक फुलझाडांची गोड यादी करून मोठे झाड मात्र परदेशी लावायचे, हा हिशेब मला उलटा वाटतो.

यावर तुमच्यातले अभ्यासू लोक एक रास्त आक्षेप घेतील, तोही मांडतो. इंग्लंडमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने विझ्ली येथील आपल्या बागेत स्थानिक, त्यांच्या जवळच्या नात्यातल्या आणि दूरदेशीच्या वनस्पतींचे वेगवेगळे वाफे करून वर्षानुवर्षे कीटक मोजले. परागीभवन करणाऱ्या कीटकांना तिन्ही प्रकारची फुले उपयोगी पडली आणि हंगामाच्या शेवटी, स्थानिक फुले संपल्यावर, विदेशी फुलांनी त्यांना आधार दिला. पानांवर आणि झाडोऱ्यात राहणारे कीटक मात्र विदेशी वाफ्यांत स्थानिक वाफ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी होते. म्हणजे मधुरसासाठी पाहुण्यांना जागा आहे, पानांसाठी फारशी नाही. मला हा निकाल अडचणीचा वाटत नाही, उलट सोयीचा वाटतो. हंगामाअखेरचा उपवास टाळण्यासाठी एखादे निरुपद्रवी विदेशी फुलझाड निवडले, तर रकान्यात तसे कारण लिहिता येते. माझा विरोध आहे तो काही न लिहिता निवडण्याला.

'स्थानिक' कशाला म्हणायचे, यावर दोन गोष्टी. देशाची सीमा हे मोजमाप इथे निरुपयोगी आहे. एकाच देशात वाळवंट, सदाहरित अरण्य आणि बर्फाळ डोंगर असू शकतात, आणि एका टोकाची वनस्पती दुसऱ्या टोकाला परकीच असते. पृथ्वीवरच्या जमिनीचे परिसंस्थांनुसार आठशेहून अधिक प्रदेश पाडलेले नकाशे उपलब्ध आहेत, आणि वनस्पती निवडताना राजकीय नकाशापेक्षा ते अधिक कामाचे आहेत. दुसरी गोष्ट, स्थानिक म्हणजे झाडेच असे नव्हे. अकिरा मियावाकी यांनी जपानमध्ये विकसित केलेल्या दाट वनलागवडीच्या पद्धतीचा पायाच मुळी त्या जागी निसर्गतः कोणती वनस्पतिसृष्टी असेल, हे आधी शोधण्यात आहे. ती पायरी गाळून केवळ दाटी तेवढी उचलली, तर जिथे मुळात गवताळ माळ होता तिथे जंगल लादले जाते, आणि माळावरचे गवत, कंद, जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना त्यांच्याच घरातून निरोप मिळतो. जमिनीचा तुकडा माळाचा असेल, तर तुमच्या आराखड्यात गवताला मानाचे स्थान हवे.

स्थानिक वनस्पतींमुळे रचनेची कला मर्यादित होते, अशी कुरकुर तुमच्या क्षेत्रात ऐकू येते. तिला माझे उत्तर रोबेर्तो बर्ले मार्क्स हे आहे. १९२८ च्या सुमारास तरुणपणी बर्लिनमध्ये असताना या ब्राझिलियन कलावंताने डालेम येथील वनस्पतिउद्यानाच्या काचघरात आपल्याच देशाच्या वनस्पती पाहिल्या, ज्यांना त्या काळी ब्राझीलमधल्या बागांत फारसे स्थान नव्हते. पुढे त्यांनी अभ्यासकांना बरोबर घेऊन रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा केल्या आणि त्यांतून आधुनिक उद्यानकलेची भाषाच बदलून टाकली. त्यांनी सर्वत्र फक्त स्थानिक वनस्पतीच वापरल्या असे नाही. पण ज्यांना लोक रानटी म्हणून तोडत होते, त्या वनस्पतींच्या पानांचा आकार आणि रंगांचे पट्टे त्यांनी चित्रकाराच्या नजरेने मांडले. साहित्य रानातले असल्यामुळे त्यांची रचना दुबळी झाली, असे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

रोपवाटिकांमधले बागायती वाण हा वेगळा विषय आहे आणि त्यात तक्ता सहज फसतो. मूळ जाती स्थानिक असते, पण विकले जाते ते तिचे जांभळ्या पानांचे, ठेंगणे किंवा दुहेरी पाकळ्यांचे वाण. हिरवे पान लाल-जांभळे केले, की त्यातली रंगद्रव्ये वाढतात आणि बरेच सुरवंट ते पान टाळू लागतात. दुहेरी पाकळ्यांच्या फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने मधमाशीच्या हाती पराग लागत नाहीत. ठेंगणेपणा त्या मानाने निरुपद्रवी आहे. सगळी रोपे एकाच मातृरोपाच्या कलमांपासून केलेली असतील, तर मात्र जनुकीय विविधता शून्य होते आणि एखादा रोग संपूर्ण रांग एका हंगामात संपवू शकतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे त्याच परिसरातल्या बियांपासून वाढवलेली रोपे मागावीत.

वाणांविषयीचा सर्वांत खर्चिक धडा अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड पेअरचा आहे. पूर्व आशियातील कॅलरी नासपतीचे हे वाण १९६० च्या दशकात बाजारात आले आणि पांढऱ्या फुलांच्या सुबक, एकसारख्या झाडांमुळे नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागले. ते स्वतःच्या परागांनी फळत नसल्यामुळे निर्धोक मानले जात होते. नंतर त्याच जातीची आणखी वाणे बाजारात आली, त्यांच्यात संकर होऊ लागला, पक्ष्यांनी फळे दूरवर नेली आणि पडीक जमिनींवर काटेरी जंगली नासपतीच्या जाळ्या माजल्या. २०२३ पासून ओहायो राज्याने त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि दक्षिण कॅरोलायना व पेनसिल्व्हानिया यांनी २०२४ मध्ये तेच केले. जी झाडे एका पिढीने दाराशी हौसेने लावली, त्यांची विक्री थांबवण्यासाठी पुढच्या पिढीला कायदा करावा लागला.

हे एकटे उदाहरण नाही. घाणेरी, म्हणजे लँटाना, उष्ण अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून जगभर नेली गेली आणि आज आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील जंगलांच्या तळाशी तिची राने आहेत. आता उपद्रवी ठरलेली कुडझूची वेल अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात शोभेची म्हणून मांडली गेली होती. जैवविविधतेविषयीच्या आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार, मानवी व्यवहारांतून नव्या प्रदेशांत स्थिरावलेल्या परकीय जातींची संख्या ३७,००० हून अधिक आहे, त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती तिथल्या निसर्गाला घातक ठरल्या आहेत, आणि नोंदल्या गेलेल्या ६० टक्के जातिविलोपांत आक्रमक परकीय जातींचा हात आहे. सगळा दोष बागांचा नाही. पण वनस्पतींच्या बाबतीत शोभेचा व्यापार ही या प्रवासाची मोठी वाट आहे, आणि त्या वाटेवरचा एक दरवाजा तुमच्या हातात आहे.

वनस्पतींपेक्षाही मी ज्यावर अधिक वेळ मागणार आहे, तो विषय माती. बांधकाम सुरू झाले, की वरचा सुपीक थर खरवडून ढिगात टाकला जातो किंवा विकला जातो. जड वाहने तीच तीच जागा तुडवत राहतात. सिमेंट धुतलेले पाणी आणि चुन्याचा राडा जमिनीत मुरून तिचा सामू (पीएच) वाढतो. शेवटी या सगळ्यावर बाहेरून आणलेल्या मातीचा वीतभर थर पसरून हिरवळ अंथरली जाते. फ्लोरिडामध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, बांधकामाच्या वेळी दबलेल्या वालुकामय जमिनीची पाणी मुरवण्याची क्षमता ७० ते ९९ टक्क्यांनी घटलेली आढळली. वाळूची ही स्थिती असेल, तर चिकणमातीचा अंदाज करता येईल. मग पहिल्या पावसात पाणी साचते, मुळे गुदमरतात, रोपे पिवळी पडतात, आणि 'स्थानिक झाडे इथे जगत नाहीत' असा निष्कर्ष काढून त्यांच्या जागी कुंड्या येतात. वनस्पती त्या प्रदेशाची असते हे खरे, पण राड्यारोड्याची ती कधीच नव्हती.

यावरचे उपाय तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत; ते आराखड्यात आणि निविदेत उतरत नाहीत, एवढीच अडचण आहे. वाचवायच्या झाडांभोवती, त्यांच्या विस्ताराच्या कडेपर्यंत, बांधकामाच्या आधीच कुंपण घालावे, कारण बरीचशी मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि ती एकदा दबली, की झाड दोन-चार वर्षांनी, सगळे विसरून गेल्यावर, वठते. वरची माती वेगळी, कमी उंचीच्या ढिगांत राखावी आणि ओली असताना हलवू नये. खालचा दबलेला थर खोल फाडून मोकळा केल्याशिवाय वर माती पसरू नये. आणि जिथे जमीन बिघडलीच आहे, तिथे खत ओतत बसण्याऐवजी त्याच प्रदेशातल्या खडकाळ उतारांवर, मुरमाड माळांवर वाढणाऱ्या वनस्पती निवडाव्यात, कारण त्यांना कस कमीच लागतो आणि सुपीक मातीत त्या उलट तणांपुढे हरतात.

छपरावरचे पावसाचे पाणी नळातून थेट गटारात सोडण्याची सवयही याच वेळी मोडता येईल. मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घरांच्या आवारात उथळ खळगे करून त्यांत पाणी वळवण्याचा आणि काठावर ओल व कोरड दोन्ही सोसणाऱ्या वनस्पती लावण्याचा प्रयोग झाला, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. खळग्यातले पाणी दोन दिवसांच्या आत मुरेल अशी रचना असेल, तर डासांची पैदास होत नाही, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो. रहिवाशांचा पहिला प्रश्न डासांचाच असतो, म्हणून हे उत्तर तयार ठेवावे.

हिरवळीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या २००५ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत हिरवळीखालचे क्षेत्र सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर होते. पाणी देऊन वाढवलेले तिथले दुसरे कोणतेही पीक एवढ्या जागेवर नव्हते. मुले खेळतात, माणसे बसतात, तिथे हिरवळ असावीच. नेवाडा राज्याने २०२१ च्या कायद्यात हीच रेघ ओढली : ज्या शोभेच्या हिरवळीवर कोणी पाऊल ठेवत नाही, तिला कोलोरॅडो नदीचे पाणी २०२७ पासून मिळणार नाही, आणि त्यातून एकेकट्या कुटुंबांची घरे वगळली. आराखड्यातल्या हिरव्या रंगाच्या प्रत्येक पट्ट्याला 'इथे कोण चालणार?' एवढे विचारले, तरी बरीचशी जागा मोकळी होईल. ती झाडे, झुडपे आणि जमीन झाकणाऱ्या वनस्पती अशा थरांनी भरावी आणि दाट भरावी. दोन रोपांमध्ये भुशाचे आच्छादन पसरून ठेवलेल्या बागेत खुरपणी वर्षानुवर्षे संपत नाही.

अशी बाग लोकांना अस्ताव्यस्त वाटते, ही तुमची सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. रहिवाशांना उंच गवतात साप, कचरा आणि हलगर्जी दिसते. या प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला विचार जोन नॅसॉर यांनी १९९५ मध्ये मांडला. लोकांना रान नको असते असे नाही. कोणीतरी या जागेची काळजी घेत आहे याच्या खुणा त्यांना हव्या असतात. कडेने कापलेला सुबक पट्टा, नीट आखलेली वाट, एक बाक, वनस्पतींची नावे लिहिलेली पाटी, प्रवेशापाशी उंची कमी आणि मागे वाढत जाणारी, अशा चौकटीत बसवलेले तेच गवत लोक आनंदाने स्वीकारतात. चौकट आखणे हे तर तुमचेच काम आहे, आणि माळीकाम जाणणाऱ्या माझ्यासारख्यांना ते तुमच्याइतके जमत नाही.

काही ठिकाणी समजावून भागत नाही आणि नियम आडवे येतात. मेरीलँडमध्येच एका जोडप्याच्या स्थानिक वनस्पतींच्या अंगणाला गृहसंघाने, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाने, हरकत घेतली, वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर २०२१ मध्ये राज्याने कायदा करून अशा कमी पाण्याच्या, पर्यावरणपूरक अंगणांवर अवाजवी निर्बंध घालण्यास गृहसंघांना मनाई केली. ज्या वसाहतीसाठी तुम्ही आराखडा करता, तिच्या नियमावलीचा मसुदाही बहुधा त्याच सुमारास तयार होत असतो. 'गवताची उंची', 'एकसारखे कुंपण', 'वाळलेली पाने त्वरित उचलणे' अशी कलमे तिथे शिरण्याआधी तुमचा शब्द पडला, तर पुढचे वाद टळतील.

रोपे मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण रोपवाटिका मागणीनुसार वाढवतात, आणि मागणी लागवडीच्या महिनाभर आधी कळवून स्थानिक झाडांची रोपे उभी राहत नाहीत. इमारत उभी राहायला लागणारी वर्षे तुमच्या हाताशी असतात. पाया खणतानाच रोपवाटिकेशी वाढवून देण्याचा करार केला, तर बी गोळा करण्यापासून सगळे शक्य होते. सोहळ्यासाठी पंधरा फुटी झाडे मागवू नयेत. जमिनीतून उपटलेल्या मोठ्या झाडाची बहुतेक मुळे मागेच राहतात आणि ते वर्षानुवर्षे सावरत बसते. तेवढ्यात शेजारचे लहान रोप त्याला गाठते. रोपांवर आधीच फवारणी झालेली आहे का, हेही लेखी विचारावे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या एका तपासणीत, परागीभवन करणाऱ्या कीटकांना अनुकूल म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रोपांत निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके सापडली. अशी रोपे लावून फुलपाखरांची वाट पाहण्यात काय हशील?

शेवटी देखभाल, कारण ती आमच्या वाट्याला येते. आराखड्यासोबत जो देखभालीचा कागद मिळतो त्यावर पाणी, खत, छाटणी, फवारणी यांचे वेळापत्रक असते आणि ते कुठल्याही बागेला चालेल असे असते. आम्हाला याहून वेगळे काही लिहून हवे आहे. झाडाखालचा पालापाचोळा कुठे तसाच राहू द्यायचा, कारण पाने खाऊन झालेले अनेक सुरवंट कोष करण्यासाठी त्यातच उतरतात. कोणता सुका, मोकळा मातीचा तुकडा उघडाच ठेवायचा, कारण मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळे करून राहतात. कोणते दिवे रात्री बंद करायचे किंवा पिवळसर आणि माणूस जवळ आला तरच लागणारे बसवायचे, कारण प्रखर पांढऱ्या दिव्याभोवती पतंग रात्रभर फिरून मरतात. कोणते वाळके दांडे पुढच्या हंगामापर्यंत उभे ठेवायचे. आणि पानांना छिद्रे पडल्यावर घाबरून फवारणी का करायची नाही. रकान्यात ज्या सुरवंटाचे नाव लिहिलेले आहे तोच ते पान खातो आहे, हे माळ्याला आणि समितीला आधी माहीत असेल, तर फवारणीचा पंप बाहेर निघणार नाही.

पहिल्या वर्षी अशी बाग किरकोळ दिसते, दुसऱ्या वर्षी तणांशी झगडते आणि तिसऱ्या वर्षी कुठे अंग धरते. तुमचा करार मात्र बहुतेक वेळा लागवडीनंतर वर्षभरात संपतो, म्हणजे नेमका सल्ल्याची गरज असतानाच. तिसऱ्या वर्षाअखेरची एक भेट शुल्कासह करारातच घालावी. तीत तक्ता हातात घेऊन ओळीओळीने पाहावे : कोणते रोप जगले, कोणते मेले, आणि रकान्यात लिहिलेला कीटक किंवा पक्षी प्रत्यक्षात आला की नाही. जो आला नाही त्याच्यापुढे तसे लिहावे आणि कारण शोधावे. असे तपासलेले तक्ते तुम्ही आपसांत वाटून घेतले, तर प्रत्येक प्रदेशासाठी विश्वासार्ह यादी तयार होईल, आणि ती आज कोणत्याही रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात मिळत नाही. त्या भेटीच्या दिवशी सोबत कोणी हवे असल्यास आमच्यापैकी कोणालाही कळवावे; माळी, समितीचे सदस्य आणि बागेची नोंदवही तयार असेल.

आपला,
तुम्ही आखलेल्या बागा सांभाळणाऱ्यांपैकी एक